जाहिरातीचा नियम कोण करतो? भंडाऱ्यातून पाहिलेला एक इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा इतिहासाचा विषय कसा? वेबसाइटवरच्या जाहिराती, त्यांचे नियम, त्यातून येणारे डॉलर, हे सगळं तर कालपरवाचं. पण आम्ही याच्या मागे लागलो तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न जुनाच आहे. मजकूर छापणारा एक, जाहिरातीचे पैसे देणारा दुसरा आणि या दोघांसाठी नियम करणारा तिसरा. तिसऱ्याने नियम बदलला की पहिल्याच्या घरी काय होतं, हा आजचा प्रश्न. आणि तो आपण भंडारा जिल्ह्यात उभं राहून बघणार आहोत.

भंडाराच का? १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि आपल्याकडे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या भरली १२ लाख ३३४. मोठी वर्तमानपत्रं नागपूरहून येतात. त्यात लाखांदूरच्या धान खरेदी केंद्रावर बारदाना नाही ही बातमी आली तर चार ओळींची येते. पण ज्याचा धान उघड्यावर पडलाय, त्याच्यासाठी त्या दिवशीची तीच मुख्य बातमी असते. ही बातमी सविस्तर देणारा माणूस तालुक्यातच राहणारा हवा आणि त्याचं घर त्या कामावर चालायला हवं. म्हणून जाहिरातीच्या कमाईचा प्रश्न आपल्याला परका नाही.

आपल्याकडे जाहिरात म्हणजे नुसती साबण-तेलाची कधीच नव्हती. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्याआधी चारच वर्षं, १९८४ मध्ये, भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन एक अट आली: जमीन घ्यायची तर त्याची सूचना दोन दैनिकांत छापायची आणि त्यातलं निदान एक स्थानिक भाषेतलं हवं. २०१३ च्या नव्या कायद्यातही ही अट राहिली. म्हणजे आपलं शेत जाणार हे सांगणारा कागदही छापणाऱ्याच्या हिशेबात जाहिरातच होता. कायद्याने केलेल्या नियमातून वर्तमानपत्राला उत्पन्न मिळत होतं. वेबसाइटवाल्याच्या वाट्याला ही जाहिरात आली नाही, कारण कायद्यात शब्द 'दैनिक' असा आहे.

आता थोडं मागे जाऊ. नियम बदलला आणि छापणारा अडचणीत आला, याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याचं आहे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये 'सकाळ' सुरू केला. केंद्र सरकारने १९५६ मध्ये कायदा आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार, आणि जाहिरातीला किती जागा द्यायची यावरही बंधन घालता येणार. हेतू सांगितला तो असा, की मोठ्या पत्रांच्या स्पर्धेत छोटी पत्रं टिकावीत. 'सकाळ'मध्ये तेव्हा सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा आणि आदेश रद्द ठरवला.

न्यायालयाचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं. जाहिरात कमी केली तर उत्पन्न घटतं. ते भरून काढायला किंमत वाढवावी लागते. किंमत वाढली की खप घटतो. आणि खप घटला की विचार कमी लोकांपर्यंत पोचतो. म्हणून जाहिरातीवरचं बंधन शेवटी अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावरचं बंधन होतं. हा निकाल लक्षात ठेवा. त्यात नियम करणारा सरकार होता, आणि सरकारला न्यायालयात खेचता येत होतं.

आता इंटरनेटकडे येऊ. गूगलची अ‍ॅडसेन्स योजना २००३ ची. कल्पना सोपी: तुमच्या पानावर आम्ही जाहिरात लावतो, मिळालेल्या पैशांतला वाटा तुम्हाला देतो. दारोदार जाहिरात मागत हिंडायला नको, उधारी वसूल करायला नको. लहान गावातल्या माणसाला हे फारच सोयीचं होतं. पण पहिलाच नियम आडवा आला, तो भाषेचा. ज्या भाषा यादीत नाहीत, त्यांतल्या पानांवर या जाहिराती लावता येत नव्हत्या. हिंदीला हे दार डिसेंबर २०१४ मध्ये उघडलं. मराठीला २०१८ मध्ये. लिपी तीच, देवनागरी, तरी मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात मराठीत लिहिणाऱ्याला वाचक होते, पण या वाटेने पैसा नव्हता. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलं तर होता. कुणी 'मराठीत लिहू नका' असं म्हटलं नाही. तसं म्हणायची गरजच नव्हती.

दार उघडलं, पण नियम बदलतच राहिले. २०१७ मध्ये 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल आली. आपल्या साइटवरची जाहिरातीची जागा विकायचा अधिकार कुणाला आहे, हे त्यात लिहून ठेवायचं. बनावट साइटना आळा बसावा म्हणून केलेला हा नियम चांगलाच होता, पण ज्याला तो कळला नाही त्याची कमाई धोक्यात आली. ९ जुलै २०१९ पासून क्रोम ब्राउझरने जगभर, म्हणजे आपल्याकडेही, त्रासदायक जाहिराती गाळायला सुरुवात केली. अचानक उघडणाऱ्या खिडक्या, आपोआप आवाज करणारे व्हिडिओ, मोबाइलच्या पानाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग व्यापणाऱ्या जाहिराती. वाचक म्हणून आम्हाला आनंदच झाला. पण ज्याचं महिन्याचं गणित त्याच जाहिरातींवर होतं, त्याला ते नव्याने मांडावं लागलं.

खोट्या क्लिकांचा नियमही असाच. ओळखीची पोरं कौतुकाने म्हणतात, दादा, आम्ही तुमच्या जाहिरातीवर रोज बोट मारतो. त्या यंत्रणेला त्यातलं प्रेम दिसत नाही, फसवणूक दिसते. मग पैसे कापले जातात, कधी जाहिरातीच मर्यादित होतात, कधी खातं बंद पडतं.

आणखी एक मोठा बदल नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला आणि २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. आधी जाहिरातदाराच्या १०० रुपयांतले ६८ साइटवाल्याला मिळत. नव्या पद्धतीत आधी जाहिरात खरेदी करणारी यंत्रणा आपला भाग घेते. ती गूगलचीच असेल तर सरासरी १५ टक्के. उरले ८५. त्याचे ८० टक्के साइटवाल्याचे. करा गुणाकार: पुन्हा ६८ च. मग बदललं काय? आधी पैसे मुख्यतः क्लिकवर मिळत, आता जाहिरात दिसण्यावर मिळू लागले. म्हणजे टक्का तोच राहिला, पण मोजमाप बदललं. धानाचा भाव तोच ठेवून काटा बदलावा, तसं हे.

याचा परिणाम समजायला एक कल्पित हिशेब करू. समजा, लाखनीत एक जण साइट चालवतो आणि त्याला महिन्याला १२ डॉलर मिळतात. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. म्हणजे नवव्या महिन्यात त्याचा आकडा भरतो. एखाद्या नियमाने कमाई निम्मी झाली, ६ डॉलरवर आली, तर तोच आकडा सतराव्या महिन्यात भरेल. मोठ्या साइटला कमाई निम्मी होणं म्हणजे तोटा. लहान साइटला ते काम थांबवायचं कारण ठरू शकतं. नियम सगळ्यांना एकच असला तरी मार एकसारखा बसत नाही.

मग सरकारी जाहिरात? केंद्राने वेबसाइटसाठी २०१६ मध्ये नियम केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये डिजिटल जाहिरात धोरण आणलं. वेबसाइटसाठीची किमान पायरी होती महिन्याला अडीच लाख वेगवेगळ्या वाचकांची. दिल्लीतून बघितलं तर हा आकडा लहान आहे. भंडाऱ्यातून बघा. १२ लाखांच्या जिल्ह्यात, तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं धरून, दर पाच माणसांतल्या एकाहून जास्त जणांनी दर महिन्याला ती साइट उघडली पाहिजे. फक्त पवनी तालुक्याबद्दल लिहिणाऱ्याने काय करावं? एकतर आशा सोडावी, नाहीतर नट-नट्यांच्या बातम्या टाकून आकडा वाढवावा. नियम असा मजकुरात शिरतो.

शेवटी आपल्याच मातीतली एक गोष्ट. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले तलाव आपण आजही माजी मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव' म्हणून ओळखतो. मालगुजार काही संत नव्हता. तलाव त्याच्या ताब्यात, आणि तुडूम उघडलं नाही तर खालचं शेत कोरडं. पण गावाचा एक कागद असायचा, वाजिब-उल-अर्ज. पाणी, वाटा, चराई यांच्या गावातल्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण वाजिब-उल-अर्ज राहिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्याला स्थान आहे. वहिवाट मोडली तर दाखवायला कागद होता आणि तक्रार न्यायला कचेरी होती.

आज जाहिरातीच्या पैशाचं तुडूम ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याशी आपला असा कागद नाही. करार आहे, पण तो त्यांनी लिहिलेला आणि त्यांनीच बदलायचा. नियम बदलल्याचं ईमेल येतं. त्याआधी आपल्याला कुणी विचारत नाही. हे फक्त आमचं गाऱ्हाणं आहे असं समजू नका. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने जाहिरात-तंत्राच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला. म्हणजे या तिसऱ्या माणसालाही जाब विचारता येतो, फक्त तो लाखनीच्या एकट्या माणसाला विचारता येत नाही.

म्हणून आमचं सांगणं दोन गोष्टींचं. साइट चालवणाऱ्यांनी एकाच तुडुमावर शेती ठेवू नये. गावच्या कृषी केंद्राची, कापड दुकानाची थेट जाहिरात घ्यावी, वाचकाकडून थोडी वर्गणी मागायला लाजू नये. आणि नियम करणाऱ्यांकडे, मग ते सरकार असो की कंपनी, आपण वाजिब-उल-अर्जाची मागणी करावी: बदल आधी सांगा, कारण सांगा, ऐकून घ्या. १९६१ मध्ये न्यायालयाने जी साखळी दाखवली, ती आजही तशीच आहे. जाहिरात तुटली की शेवटी वाचकाची बातमी तुटते. बारदान्याची ती बातमी आपल्याला हवी असेल, तर ती लिहिणाऱ्याचा हिशेबही आपल्याला ठाऊक असायला हवा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.