कुड्याची साल आणि आयोडीनचे मीठ

रायपूर आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशातील औषधांचा इतिहास पाहू गेल्यास दोन अगदी निराळ्या वाटांनी जावे लागते. पोटाच्या विकारांवरची औषधे, म्हणजे कुडा, बेल, हिरडा, मुरुडशेंग, ही रायपूरच्या दक्षिणेस आणि पूर्वेस पसरलेल्या धमतरी, सिहावा, गरियाबंद या भागांतील रानांत उगवत होती आणि तेथून बाहेर जात होती; गळ्यातील अवटु ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉइडच्या, विकारांवरचे औषध मात्र या भूमीत निपजणारेच नव्हते, आणि ते फार उशिरा, मिठाच्या पोत्यातून, बाहेरून आत आले. या दोन वाटांपैकी पहिलीविषयी वैद्यकग्रंथांत पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी वाट व्यापार, कर आणि सरकारी धोरण यांच्या इतिहासात दडलेली असल्यामुळे तिच्याकडे वैद्यकाचा इतिहास म्हणून सहसा पाहिले जात नाही, आणि ही उणीव भरून निघणे अगत्याचे आहे.

१७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या स्वारीने रतनपूरचे हैहय राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले, १८१८ नंतर कर्नल अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलवले, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावरही १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरकडेच पाहत राहिला. या दोन शतकांत रायपुरात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांनी आपल्याबरोबर आणलेल्या घरगुती औषधांची या प्रदेशाशी सहज सांगड बसली, कारण बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या जिनसांपैकी हिरडा, बेहडा आणि मुरुडशेंग या येथल्याच रानच्या होत्या. मुरुडशेंग ही पीळ घातलेल्या दोरीसारखी दिसणारी शेंग पोटातील मुरड्यावर दिली जाते आणि तिची छत्तीसगढी व हिंदी नावेही त्या पिळावरूनच पडलेली आहेत. ती येथल्या रानांतून गोळा करणारे हात मात्र गोंड, कमार आणि हलबा स्त्रीपुरुषांचे होते, आणि या औषधविद्येतील त्यांचा वाटा ग्रंथकारांनी जितका नोंदवायला हवा होता तितका नोंदवलेला नाही.

या साऱ्या वनौषधींत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कुडा होय. संस्कृत ग्रंथांतील कुटज तो हाच. त्याची कडू साल अतिसार, म्हणजे पातळ जुलाब, आणि प्रवाहिका, म्हणजे कुंथून आव पडणे, या दोन्ही विकारांत आयुर्वेदाने मुख्य औषध मानली. सालीचा काढा, आटवून केलेली घनवटी आणि आंबवून केलेले कुटजारिष्ट ही तिची रूढ रूपे होत. कुटजारिष्टाच्या पाठात सालीइतकाच गूळ, शिवाय द्राक्षे, शिवणीचा भाग, मोहाची फुले आणि आंबवण क्रिया घडवून आणण्यासाठी धायटीची लाल फुले पडतात. गूळ आणि द्राक्षे सोडली तर यांतील प्रत्येक जिन्नस रायपूरच्या परिसरातील रानात एकाच फेरीत गोळा होऊ शकतो, ही गोष्ट या पाठाच्या उगमाविषयी काही सिद्ध करीत नसली तरी तो मध्य भारतात इतका का रुजला याचे उत्तर तीत नक्कीच आहे.

कुड्याची साल अठराव्या शतकात युरोपातही पोहोचली, पण तेथे तिचे नाव लवकरच खराब झाले. त्याचे एक मोठे कारण भेसळ हे होते: पांढऱ्या कुड्याच्या सालीत दिसायला जवळची असणारी काळ्या कुड्याची साल मिसळली जाई, जिच्यात तो गुण नाही, आणि मग औषध लागू पडत नाही असा बोभाटा होई. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त कडू द्रव्य, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वेगळे काढण्यात आले. १९१२ मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी आमांशाच्या अमीबावर इमेटिनच्या इंजेक्शनांचा उपयोग दाखवून दिला. हे औषध प्रभावी असले तरी हृदयाला घातक ठरू शकत होते आणि ज्या इपेकाक मुळीपासून ते निघे ती मूळची दक्षिण अमेरिकेतील होती. म्हणूनच कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी कुड्याची नव्याने तपासणी केली आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशी औषधांवरील आपल्या ग्रंथात त्याला मानाचे स्थान दिले. पुढे कुड्याची अल्कलॉइडे, बिस्मथ आणि आयोडीन यांचे संयुगही आमांशावर वापरात आले. पोटाच्या औषधात आयोडीन शिरण्याचा हा प्रसंग पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हिरड्याची कथा निराळी आहे. तो त्रिफळ्याचा घटक आणि बद्धकोष्ठावरचे सौम्य रेचक असला, तरी रायपूरच्या बाजारातून बाहेर पडणाऱ्या हिरड्याचे मोल ठरले ते त्यातील टॅनिनमुळे, म्हणजे कातडे कमावण्यास उपयोगी पडणाऱ्या तुरट द्रव्यामुळे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे रायपुरास पोहोचली आणि १९०० च्या सुमारास रायपूर ते धमतरी हा अरुंद मापाचा फाटा सुरू झाला, तेव्हा लाख आणि तांदूळ यांच्या बरोबरीने हिरड्याची पोतीही कारखान्यांकडे जाऊ लागली. पुढे मध्य प्रदेश सरकारने तेंदूपाने आणि सालबी यांप्रमाणे हिरड्याचा व्यापारही आपल्या हाती घेतला. ज्या फळाला वैद्यकाने आईची उपमा दिली त्याची किंमत चामड्याच्या बाजारात ठरावी, ही गोष्ट गोळा करणाऱ्याच्या पदरात काय पडले हे समजण्यासाठी पुरेशी बोलकी आहे.

आता मीठ. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रदेशात मीठ ही नेहमीच बाहेरून येणारी आणि म्हणून महाग वस्तू होती. रेल्वेपूर्वी ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून पूर्व किनाऱ्याकडून येई आणि परतीच्या वाटेवर त्याच बैलांवर छत्तीसगढचे धान्य लादले जाई. त्यात इंग्रजी राजवटीच्या कराची भर पडली. मिठाच्या चोरट्या वाहतुकीला आळा घालण्यासाठी उभारलेली अंतर्गत जकातरेषा, जी काही भागांत काटेरी झाडांच्या कुंपणाच्या रूपात होती, सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्यास होती. ही रेषा १८७९ मध्ये मोडण्यात आली, पण कर राहिलाच. १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह रायपुरात झाला तेव्हा पं. रविशंकर शुक्ल यांच्या नेतृत्वाखाली रसायनांच्या मिश्रणातून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला, कारण समुद्राचे पाणी आटवण्याची सोयच येथे नव्हती; त्या चळवळीतील वामनराव लाखे या मराठी नेत्याला रायपूरकर आदराने युधिष्ठिर म्हणत आणि त्यांच्या नावाचे लाखेनगर शहरात आजही आहे. बस्तरच्या आठवडी बाजारांत तर आदिवासींकडून मिठाच्या भारोभार चारोळी घेण्याची रीत विसाव्या शतकातही चालू होती, आणि तिच्याइतके उघड शोषणाचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. आयोडीन समुद्रात असते, म्हणून समुद्राच्या मिठातही ते भरपूर असले पाहिजे, असे सहज वाटते. वस्तुतः मीठ स्फटिकरूपाने निघताना त्यात आयोडीनचा अंश नगण्यच उरतो, आणि समुद्रातील आयोडीन माणसाला मिळते ते मासळी आणि समुद्रशैवाल यांतून. त्यामुळे वंजाऱ्यांचे मीठ असो वा रेल्वेने आलेले, गलगंडापासून, म्हणजे थायरॉइड ग्रंथी सुजून गळ्यास येणाऱ्या गाठीपासून, त्याने कोणाचेही रक्षण केले नाही. भरपूर पावसाने आणि पुरांनी वरचेवर धुऊन निघणाऱ्या जमिनीत आयोडीन कमी राहते, ते पिकांत उतरत नाही, आणि मग थायरॉक्सीन हा अंतःस्राव तयार करण्यासाठी ग्रंथी अधिकाधिक वाढत जाते.

सुश्रुताने गलगंडाचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार वर्णिले आहेत. पुढच्या ग्रंथांत त्यावर कांचनाराच्या सालीचे कांचनार गुग्गुळ आणि जलकुंभी या पाणवनस्पतीची राख सांगितली आहे. कांचन आणि जलकुंभी दोन्ही छत्तीसगढात मुबलक आहेत. परंतु ज्या मातीत आणि पाण्यात आयोडीनच नाही तेथील झाडपाल्यात ते कोठून येणार? चिनी वैद्यांनी समुद्रशैवाल दिले, सालेर्नोच्या वैद्यांनी जाळलेला स्पंज दिला, पंजाबच्या बाजारात दूरवरून आलेले शैवालाचे पान गलगंडावर विकले जाई. या सर्वांना गुण आला तो त्यांतील समुद्रामुळे. रानातील औषधींचा हा दोष नव्हे; त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम त्यांच्याकडून अपेक्षिले गेले इतकेच.

१८११ मध्ये फ्रान्समधील बेर्नार कुर्त्वा याला समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन सापडले आणि १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोईंदे याने ते गलगंडावर वापरले. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून, ग्रंथी निकामी झाल्याने अंग सुजलेल्या आणि मंदावलेल्या एका स्त्रीस बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळात एडवर्ड केंडल याने थायरॉक्सीन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. मिठात आयोडीन घालण्याचा उपाय स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये आणि अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९२४ मध्ये हाती घेतला.

भारतात हा उपाय कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने सिद्ध झाला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार असे मानले जाई, म्हणून मीठही मुख्यतः तिकडेच गेले, आणि मध्य भारताची दखल बऱ्याच उशिराने घेतली गेली. नंतरच्या पाहण्यांत तपासलेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्हे आयोडीनच्या कमतरतेने ग्रस्त आढळले आणि कोणतेही राज्य त्यातून सुटलेले नव्हते. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील बंदी १९९७ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. धोरणाच्या या हेलकाव्यात गेलेली वर्षे म्हणजे गरोदर स्त्रियांच्या आणि गर्भातील मुलांच्या मेंदूच्या वाढीची वर्षे होती, आणि त्यांची भरपाई नंतर कोणत्याही औषधाने होत नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. नव्या सरकारने शिधावाटप दुकानांतून गरीब कुटुंबांना नाममात्र दरात आणि पुढे मोफत आयोडीनयुक्त ‘अमृत’ मीठ देण्यास सुरुवात केली, आणि २०१२ च्या राज्य अन्नसुरक्षा कायद्यात दरमहा २ किलो मिठाचा हक्क लिहून ठेवला. चारोळीच्या भारोभार मीठ देणाऱ्या बाजाराच्या पार्श्वभूमीवर या दोन किलोंकडे पाहिले पाहिजे. या मिठात पोटॅशियम आयोडेट असते, कारण दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा टिकते. घरी पोहोचेपर्यंत दर किलोस निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन राहावे असा दंडक आहे, म्हणजे प्रौढ माणसाची १५० मायक्रोग्रॅमची रोजची गरज सुमारे १० ग्रॅम मिठात भागते. ते तपासण्याचे साधन अगदी साधे आहे: चमचाभर मिठावर स्टार्चयुक्त द्रावणाचे दोन थेंब टाकताच आयोडीन असेल तर निळाजांभळा रंग उमटतो, नसेल तर मीठ पांढरेच राहते, आणि ज्या घरी खडेमीठ धुऊन वापरण्याची सवय आहे तेथे रंग फिका पडतो.

पोटाच्या औषधांतही याच काळात मोठे बदल झाले. विसाव्या शतकाच्या मध्यात जुलाबावर सर्रास घेतले जाणारे क्लिओक्विनॉल हे आयोडीनयुक्त औषध होते. त्यामुळे रक्तातील आयोडीन वाढून त्या काळच्या थायरॉइड चाचण्या चुकत, आणि जपानात त्याचा संबंध मज्जातंतूंच्या गंभीर विकाराशी जोडला जाऊन १९७० मध्ये तेथे त्यावर बंदी आली. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनाबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन पटकीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखले. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी, या तत्त्वावर ते आधारले आहे. २००२ पासून छत्तीसगढात काम करू लागलेल्या मितानिन, म्हणजे गावच्याच आरोग्यसेविका, यांच्या पेटीत याच द्रावणाच्या पुड्या असतात. अशा रीतीने मीठ गळ्यासाठी आयोडीनचे वाहन आणि पोटासाठी स्वतःच औषध ठरले.

१९५० मध्ये सुरू झालेले शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, १९६३ चे वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ पासूनची एम्स या संस्थांमुळे रायपुरात दोन्ही परंपरांचे शिक्षण मिळते. आता थायरॉइडचा प्रश्नही बदलला आहे. देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची ग्रंथी मंद आढळली, किनाऱ्यावरील शहरांपेक्षा आतल्या शहरांत हे प्रमाण अधिक होते, आणि यांपैकी अनेकांत कारण आयोडीनची उणीव नसून शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणे हे असते. अशा रुग्णाला मीठ पुरत नाही. त्याला लेव्होथायरॉक्सीनची, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या थायरॉक्सीनची, गोळी रोज घ्यावी लागते. ती सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे यांमुळे तिचे शोषण घटते; म्हणून थायरॉइडची गोळी लिहून देणाऱ्या वैद्याने रुग्ण पोटासाठी काय घेतो, मग ती दुकानातील आम्लपित्तावरची गोळी असो वा घरचे चूर्ण, हे आधी विचारून घेणे आवश्यक ठरते.