तालमीचें दार आणि नगराचा कायदा



आपला मुलगा तालमीच्या वस्तादाच्या किंवा क्रीडांगणावरील शिक्षकाच्या हातीं सोंपवितांना आपण काय पाहतों? त्याची कीर्ति पाहतों, त्यानें तयार केलेले खेळाडू पाहतों, त्यांनीं मिळविलेलीं पदकें पाहतों. त्याच्या वर्तनाविषयीं चौकशी केलीच, तर 'माणूस सज्जन आहे' एवढ्या उत्तरावर आपलें समाधान होतें. मुलांना खेळ शिकविणाऱ्या प्रौढांनीं कसें वागावें याचे लेखी नियम असावेत, ही कल्पना पुष्कळांना अलीकडची, आणि थोडीशी अपमानकारकही, वाटते. परंतु ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिचा शोध घेण्यासाठीं आपणांस प्राचीन ग्रीस देशांत जावें लागेल.

ग्रीक नगरांत मल्लविद्या ही चैनीची बाब नव्हती. लेखन-वाचन आणि संगीत यांच्या बरोबरीनें ती मुलांच्या शिक्षणाचा भाग होती. नागरिकांचीं मुलें 'पॅलेस्ट्रा' नांवाच्या तालमींत जात. तेथील वस्तादाला 'पैदोत्रिब' म्हणत. अंगाला तेल चोळून, विवस्त्र होऊन कुस्ती खेळण्याची त्या लोकांची रीत होती. वयानें, बळानें आणि अधिकारानें मोठा असा पुरुष, आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारीं मुलें, यांचा तेथें रोजचा सहवास असे. त्यांत धोका कोठें आहे, हें तेथील कायदे करणारांना नीट कळलें होतें.

इ. स. पूर्वी ३४५ च्या सुमारास अथेन्सच्या न्यायसभेपुढें ईस्किनीस नांवाच्या वक्त्यानें टिमार्कस या आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक भाषण केलें. तें भाषण निःपक्षपाती नाहीं. प्रतिस्पर्ध्याला सार्वजनिक जीवनांतून उठविणें हाच त्याचा हेतु होता. पण त्याच्या आरंभीं वक्त्यानें मुलांच्या रक्षणाचे जुने कायदे न्यायाधीशांना समजावून दिले आहेत, आणि ते सोलनसारख्या पूर्वकालीन कायदेकर्त्यांचे म्हणून तो सांगतो. शिक्षकानें शाळा किंवा वस्तादानें तालीम सूर्योदयापूर्वीं उघडूं नये आणि सूर्यास्तापूर्वीं ती बंद करावी, असा त्यांतील एक नियम. मुलांच्या गायनवृंदाची तयारी करविणारा गृहस्थ चाळीस वर्षांवरील असावा, असा दुसरा. मुलगा आणि शिक्षक अंधारांत किंवा एकांतांत एकत्र राहावेत, हें कायदेकर्त्याला मान्य नव्हतें. शिक्षकाची उपजीविका त्याच्या सद्वर्तनावर अवलंबून असते, हें ठाऊक असूनही त्यानें केवळ विश्वासावर भिस्त ठेवली नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हा नियम कोणाही वस्तादाला दुष्ट ठरवीत नाहीं. सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हें ओळखण्याच्या भरीस तो पडतच नाहीं. तो फक्त वेळ ठरवितो आणि तालमीचें काम उजेडांत करावयास लावतो. सज्जनाला त्याचा जाच नाहीं. दुर्जनाला मात्र अडसर आहे.

अथेन्सचे कायदे आपणांस एका वक्त्याच्या तोंडून कळतात. उत्तरेकडील मॅसिडोनियांतील बेरोइया नगराचा कायदा मात्र प्रत्यक्ष शिळेवर कोरलेला सांपडला आहे. हा कायदा इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकांतला. शिळेच्या दोन्ही बाजूंवर लेख आहे; गोतिए आणि हात्झोपूलोस या दोन विद्वानांनीं १९९३ सालीं त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यायामशाळेचा मुख्य तीस ते साठ वर्षांच्या दरम्यानचा असावा, त्याला नगरानें निवडावें, आणि मित्राला झुकतें माप देणार नाहीं व शत्रूला अन्यायानें पीडा देणार नाहीं, अशी शपथ त्यानें घ्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. तरुणांपैकीं कोणीं मुलांच्यामध्यें जाऊं नये, त्यांच्याशीं बोलूंही नये. वस्तादांनीं दिवसांतून दोनदां ठरल्या वेळीं हजर राहावें. जो कुचराई करील त्याला दिवसाला पांच द्राख्मे दंड. वर्षांतून तीन वेळां मुलांची परीक्षा घेववावी. मद्यपी, वेडा, देहविक्रय केलेला, अशांना व्यायामशाळेंत प्रवेश नाहीं.

याहून महत्त्वाची तरतूद पुढें आहे. निषिद्ध माणसाला व्यायामशाळेच्या मुख्यानें जाणूनबुजून आंत घेतलें, तर त्याला एक हजार द्राख्मे दंड. वस्तादाचे पांच, आणि मुख्याचे हजार! शिवाय तक्रार द्यावयाची ती त्या मुख्याकडे नव्हे, तर नगराच्या तपासनिसांकडे, आणि तीही लेखी. त्या तपासनिसांनींच कानाडोळा केला तर तेवढाच दंड त्यांच्या माथीं. जो जितका वर, त्याची जबाबदारी तितकी मोठी, हें तत्त्व त्या शिळेवर स्वच्छ दिसतें.

या कायद्याचें कौतुक करतांना त्याचा उणेपणाही सांगितला पाहिजे. तो नागरिकांच्या मुलांपुरता होता. गुलामांना व मुक्त केलेल्या गुलामांच्या मुलांनाही त्या व्यायामशाळेचें दार बंद होतें. त्यांच्या अब्रूची चिंता त्या शिळेला नाहीं. आणि दांडगाई करणाऱ्या मुलाला चाबकानें मारण्याचा अधिकार व्यायामशाळेच्या मुख्याला होता. मुलाचें शील जपावें हें कळलें होतें. मुलाचें अंग जपावें हें कळलें नव्हतें.

कालांतरानें ग्रीक तालमी बंद पडल्या आणि त्यांचे कायदेही विस्मृतींत गेले. अर्वाचीन खेळांची बांधणी झाली ती निराळ्या पायावर. १८६३ सालीं इंग्लंडांत फुटबॉलचे नियम लिहिले गेले, तेव्हां बुटांना बाहेर आलेले खिळे असूं नयेत इतपत बारकाई झाली. ते नियम प्रौढांच्या खेळाचे होते, हें खरें. परंतु पुढें तोच खेळ लक्षावधि मुलें खेळूं लागलीं. तरीही खेळांतील मुलांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र विभाग ब्रिटनमध्यें स्थापन झाला तो २००१ सालीं.

अमेरिकेंत तर जाग येण्यास याहूनही मोठी किंमत द्यावी लागली. तेथील जिम्नॅस्टिक्स संघाचा वैद्य लॅरी नासर यानें उपचाराच्या मिषानें केलेले अत्याचार २०१६ सालीं वृत्तपत्रांतून उघडकीस आले. जानेवारी २०१८ मध्यें दीडशेंहून अधिक मुलींनीं व स्त्रियांनीं न्यायालयांत आपली हकीकत सांगितली. कांहीं प्रसंगीं आईबाप त्याच खोलींत होते. तरी त्यांना कांहीं दिसलें नाहीं. कांहीं मुलींनीं फार पूर्वींच तक्रार केली होती. पण ज्यांच्याकडे केली त्यांना त्या मुलींच्या शब्दापेक्षां त्या माणसाची कीर्ति अधिक खरी वाटली. उजेड असूनही हें घडलें. कारण तक्रारीला स्वतंत्र दार नव्हतें.

२०१७ सालीं तेथें 'सेफस्पोर्ट' ही स्वतंत्र संस्था सुरू झाली. मुलाशीं प्रौढानें एकट्यानें भेटावयाचें तें इतरांना दिसेल आणि मध्यें येतां येईल अशाच जागीं, हा तिचा एक नियम. अथेन्सच्या सूर्योदयाच्या नियमाहून हा आशयानें वेगळा नाहीं.

आपल्या देशांत २०१२ चा 'पॉक्सो' कायदा झाला. मुलावरील अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरविला, आणि संस्थेच्या प्रमुखानें ती दडपल्यास त्याला अधिक कडक शिक्षा सांगितली. २०२० च्या नियमांनीं शाळांबरोबर क्रीडा अकादमींवरही कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घेण्याचें बंधन घातलें. बेरोइयाची शिळा जें सांगत होती, तेंच येथें अधिक व्यापक झालें आहे. आतां तें मूल कोणाचें, हा प्रश्न कायदा विचारीत नाहीं.

परंतु शिळा बोलत नाहीं आणि कायद्याची प्रत कपाटांतून उठून मैदानावर येत नाहीं. तें काम पालकांचें आहे. मुलाला खेळास घालतांना चारच प्रश्न विचारावे: सराव किती वाजतां आणि कोणाच्या देखत होतो? शिक्षकाची पडताळणी झाली आहे काय? परगांवीं सामन्यांना गेल्यावर मुलें कोणाच्या देखरेखीखालीं राहतात? आणि तक्रार असेल तर ती शिक्षकाच्या वरच्या कोणाकडे करावयाची? चांगल्या वस्तादाला या प्रश्नांचा राग येणार नाहीं. ज्याला येईल, त्याच्या तालमींत मुलाला धाडण्यापूर्वीं आपण पुन्हां एकदां विचार करावा.