न दिसणारे दुखणे

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा "अंगदुखीचा इतिहास" असे मी सांगितले. ते हसले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे. अंगदुखी हा वैद्यांचा प्रांत. मी वैद्य नाही आणि इतिहाससंशोधकही नाही. माझे शाळेतले शिक्षण लवकर सुटले, पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण ह्या कचेरीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जितकी भांडणे मी चालविली, त्यांतली कितीतरी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबली: माणूस म्हणतो मला दुखते, आणि कागद म्हणतो याला काही झालेले नाही. मग खरे कोणाचे?

ह्या दुखण्याला आज दोन नावे आहेत. एक फायब्रोमायाल्जिया. सर्वांगाला ठणका, झोपून उठले तरी झोप न झाल्यासारखे वाटणे, विसराळूपणा. आणि हे सारे महिनोन्महिने. दुसरे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, ज्याला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस असेही म्हणतात. त्यात शीण मुख्य, आणि त्याची खूण अशी की थोडे अधिक काम केले तर त्याच दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस असा कोसळतो की चार-आठ दिवस अंथरुणातून उठत नाही. दोन्हींत रक्त तपासा, क्ष-किरण चित्र काढा, पुष्कळदा सगळे ठाकठीक निघते. आपल्याकडे ह्याला जुने शब्द आहेत: अंग मोडून येणे, कसर, शिणवटा, गळून जाणे. शब्द होते, म्हणजे दुखणेही होते.

आता आपल्या घाटाकडे वळू. कर्जत स्थानकात गाडी थांबली की मागून इंजिन येऊन लागते आणि डब्याला एक हिसका बसतो, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. गाडीला तो एका इंजिनाने झेपत नाही म्हणून मागे बळ द्यावे लागते. हा हिशेब ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आरंभापासून चोख ठेवला. माणसांचा ठेवला नाही.

१८५६ च्या मे महिन्यात रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत मार्ग सुरू झाला. मधल्या चढाचे काम १८५६ पासून चालू होते ते २१ एप्रिल १८६३ रोजी संपले आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. पावणेसोळा मैल, पंचवीस बोगदे, अठराशे एकतीस फूट चढण. १८६१ साली ह्या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसे होती. कड्यावरून दोरांनी खाली सोडलेली माणसे खडकात सुरुंगाची भोके पाडीत. बायका आणि पोरे माती वाहत. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम बंद, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत ते दामटून घ्यावयाचे. पटकीने आणि तापाने हजारो मेले. पहिला कंत्राटदार फॅव्हियल. त्याच्या वेळी १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली आणि त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडले. पुढचा सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट चालविले. बाईचे कौतुक पुष्कळ होते, होऊ द्या. पण घाट पुरा झाल्यावर जी हजारो माणसे मोडक्या कंबरेने आपापल्या गावी परतली, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. मेल्यांचा अंदाज तरी होतो, झिजलेल्यांचा होत नाही.

गंमत अशी की, न दिसणाऱ्या दुखण्याचा आधुनिक इतिहास रेल्वेपासूनच सुरू होतो, मात्र इथे नव्हे, इंग्लंडात. तिकडे अपघात होऊ लागले. डब्यातून धडधाकट उतरलेला उतारू चार दिवसांनी म्हणे, माझी पाठ दुखते, हात थरथरतात, झोप येत नाही. जॉन एरिक एरिकसन ह्या शल्यवैद्याने १८६६ साली ह्यावर व्याख्याने छापली. लोहचुंबकावर हातोडा मारला तर तो दिसतो तसाच, पण त्याची ओढ जाते. तसेच धक्क्याने मज्जारज्जूचे होते, असा त्याचा दाखला. लोक ह्या विकाराला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या अपघातातून वाचला, जखमींना त्याने पाणी पाजले, आणि पुढे गाडीत बसताच त्याला कापरे भरे. ते अखेरपर्यंत सुटले नाही.

उतारूंनी दावे लावले. ज्यूरी पैसे देऊ लागल्या. तेव्हा १८८३ साली हर्बर्ट पेज याचे पुस्तक आले. धक्का मज्जारज्जूला नसून मनाला बसतो, भीतीने हे सारे होते, आणि भरपाई मिळाली की पुष्कळांचे दुखणे ओसरते, असे त्याने मांडले. हे गृहस्थ लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे शल्यवैद्य होते. त्यांनी खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. भीतीचा शरीरावर परिणाम होतो हे त्यांचे म्हणणे पुढे खरेही ठरले. परंतु ज्याचे मीठ खावे त्याच्या तिजोरीवरचा भार ज्या मताने हलका होतो, ते मत माणसाला लवकर पटते. माझ्या अनुभवात कारखान्याचा डॉक्टर वाईट माणूस क्वचितच असतो. तो फक्त पगार घेतो.

आणि हे सारे भांडण उतारूंचे होते, हे विसरू नका. रूळ टाकणाऱ्याची पाठ न्यायालयात कधी आलीच नाही. कामावरच्या अपघाताची भरपाई इंग्लंडात १८९७ च्या कायद्याने आणि आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने आली. त्या कायद्याला जोडलेला तक्ता पाहा: अंगठा गेला तर शंभरात तीस टक्के कमाईची शक्ती गेली असे धरावे. बोट मोजता येते, डोळा मोजता येतो. ठणका कोणत्या टक्क्यात बसवायचा?

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या तोंडाने विचारला गेला, आणि तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी विचारला. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्यांनी पुढे केला. त्यात मागण्या काय होत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जायबंदी झालेल्याला मदत. शीण हा रोग आहे की नाही ह्या वादात ते पडले नाहीत. शीण येतो आणि त्याला विसावा लागतो, एवढेच धरून बसले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो ते ह्या सत्यशोधकामुळे.

त्याच काळात अमेरिकेत जॉर्ज बियर्ड हा डॉक्टर (१८६९) 'न्यूरास्थेनिया' म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा हे नाव रूढ करीत होता. त्याच्या मते हा बुद्धिजीवी, सुधारलेल्या लोकांचा रोग. श्रीमंत बायकांना त्यासाठी सहा-सहा आठवडे निजवून दूध-लोणी चारीत. वकिलाला आला तर न्यूरास्थेनिया, हमालाला आला तर आळस! इटलीतल्या तुरीन शहरी अँजेलो मोस्सो याने मात्र शीण मोजण्याचे यंत्रच केले; बोटाने वजन ओढावयाचे आणि ते थकेपर्यंतची रेघ उमटावयाची. तोंडी परीक्षा घेऊन थकलेल्या सहकाऱ्याचे बोटही लवकर थकते, हे त्याने दाखविले. १८९१ साली त्याचा ग्रंथ आला. डोक्याचा शीण स्नायूत उतरतो ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे.

१९०४ साली लंडनच्या सर विल्यम गॉवर्स यांनी अंगदुखीला 'फायब्रोसायटिस' म्हटले, म्हणजे स्नायूंच्या तंतूंना सूज. पुढे सूज काही सापडेना. सूज नाही म्हणून दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या अशाच दुखण्याला काही डॉक्टरांनी मानसिक संधिवात ठरविले. मग १९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात एक विचित्र साथ आली. नोव्हेंबरपर्यंत दोनशे ब्याण्णव कर्मचारी आजारी पडले, परिचारिका पुष्कळ. आधीपासून खाटेवर असलेल्या रोग्यांपैकी फक्त बारा जणांना ते झाले. इस्पितळ २५ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. त्यातूनच मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव पुढे आले. पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकएव्हेडी आणि बियर्ड (हा बियर्ड दुसरा) यांनी जुनी टिपणे चाळून निकाल दिला की हा सामूहिक उन्माद होता. बायका फार आजारी पडल्या हा त्यांचा एक पुरावा. आजारी पडलेल्या बायकांना त्यांनी गाठून विचारले नाही. खाते-चौकशीही आमच्याकडे ह्याहून बरी होते.

आता ज्या प्रयोगाकरिता मी हा विषय घेतला तो सांगतो. १९७५ साली टोरांटोमध्ये मॉल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी तरुणांना रात्री झोपू दिले, पण झोप गाढ होऊ लागली की आवाज करून ती मोडली. जागे करीत नसत, फक्त गाढ झोप हिरावून घेत. थोड्याच रात्रींत त्या धडधाकट पोरांचे अंग दुखू लागले, दाबले की ठणकू लागले, मन खिन्न झाले. झोप परत दिली, दुखणे गेले. श्रोतेहो, ह्या तालुक्यात रात्रपाळी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावयास नको. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि घाटाच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. मग कारखाने आपल्याच दारात आले. आठवड्याला पाळी बदलते. दिवसा पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या पोरांच्या गलक्यात, झोप कसली लागणार? प्रयोगशाळेत जे थोड्या रात्री केले ते आमच्याकडे वीस वर्षे चालते. रात्रपाळीनेच हा रोग होतो असे मी म्हणत नाही. कारणे अनेक आहेत, कोणाला तापानंतर होतो, कोणाला अपघातानंतर, कोणाला उगाच. पण ज्याला आहे त्याला रात्रपाळी देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे.

१९७६ साली फायब्रोमायाल्जिया हे नाव आले. १९९० साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी कसोटी ठरविली: अंगावरच्या अठरांपैकी अकरा जागा दाबून दुखल्या पाहिजेत. २०१० मध्ये ती बदलून रोग्याच्या सांगण्याला अधिक वजन दिले. क्रॉनिक फटीग सिंड्रोमची व्याख्या १९८८ ची. फायब्रोमायाल्जियात वेदना वाहून नेणारी यंत्रणाच चढी होते, रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा तशी, असे आता समजले जाते. उपचारात ह्या दोघांची गल्लत करू नये. फायब्रोमायाल्जियाला हलका, बेताबेताने वाढविलेला व्यायाम गुण देतो. दुसऱ्यात तसाच व्यायाम वाढवीत नेला तर माणूस खाली जाऊ शकतो. इंग्लंडच्या नाइस ह्या संस्थेने पूर्वी तो सुचविला होता, २०२१ साली देऊ नये म्हणून सांगितले. कोरोनानंतर न उठलेली माणसे आपण आपल्याच आळीत पाहिली आहेत.

हे गोऱ्यांचे दुखणे असे कोणाला वाटेल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर पाहणी केली. प्रौढांत शंभरी अठरांना सांध्या-स्नायूंचे दुखणे निघाले, आणि अमुक संधिवात असे ठरविता न येणाऱ्या दुखण्यांचा वाटा त्यात मोठा होता. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांना विचारले. २००५ साली ते प्रसिद्ध झाले. शंभरी बारा बायका सहा महिन्यांहून अधिक थकलेल्या. रक्त कमी म्हणून थकवा, हे आपले ठरलेले उत्तर. तर रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध लागला नाही. लागला तो घरावरच्या कर्जाशी, उपासाशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, घरात शब्दाला किंमत नसण्याशी. म्हणून कोणी म्हणेल, पाहा, मनाचेच आहे. कर्ज आणि भूक मनाची असते का?

आमच्याकडे एका कारखान्यातली पॅकिंग खात्यातली बाई आली होती. पाच वर्षे अंग ठणकत होते. मुकादम नाटकी म्हणे, सासू कामचुकार म्हणे, गावात कोणी नजर लागली म्हणे. तीन डॉक्टर झाले. चौथ्याने नाव सांगितले तेव्हा ती रडली, आणि मला वाटले घाबरली म्हणून, तर म्हणाली, "साहेब, नाव आहे म्हणजे मी खोटी नाही ना?" नाव मिळून दुखणे गेले नाही. सकाळचे काम ती आता दोन भागांत करते, धुणे एक दिवस आणि दळण दुसऱ्या दिवशी, आणि बऱ्या दिवशी अंगात येऊन सगळे उरकून टाकावयाचे नाही हे तिने मोठ्या कष्टाने शिकून घेतले आहे.

राज्य कामगार विमा योजनेत वर्षाला एक्क्याण्णव दिवस आजारपणाचा पगार मिळतो, सत्तर टक्के. लांबलचक रोगांना दोन वर्षांपर्यंत, ऐंशी टक्क्यांनी मिळतो, पण त्या चौतीस रोगांच्या यादीत ही दोन नावे नाहीत. ती यावीत म्हणून लढणे हे एक काम. ते व्हावयास वेळ लागेल. दुसरे काम कारखान्याच्या दारातच आहे, आणि ते आम्ही गेल्या करारात मांडले: डॉक्टरने लिहून दिले तर रात्रपाळी नाही, उभ्याच्या कामाला बसावयास स्टूल, आणि दुपारच्या सुटीखेरीज दहा-दहा मिनिटांचे दोन विसावे. स्टूल मिळाले. विसाव्यांपैकी एक मिळाला. रात्रपाळीचे कलम व्यवस्थापनाने "वैद्यकीय पुराव्याअभावी" बाजूला ठेवले असून पुढची बैठक जूनमध्ये आहे.