सहा पूर्णांक सहा

भाच्याची एक सवय आहे. सामना संपला की तो मोबाईल काढून खेळाडूंना मिळालेले गुण बघतो. परवा रात्री आम्ही दोघं इंग्लंडमधला एक सामना बघत बसलो होतो. एका बॅकने समोरच्या नावाजलेल्या फॉरवर्डला नव्वद मिनिटं गोलकडे वळू दिलं नाही. त्याला मिळाले ६.६. एरवी मैदानात नुसताच फिरत असलेल्या, पण शेवटी गोल मारलेल्या पोराला ८.१. मी म्हणालो, हे काही खरं नाही. भाचा म्हणाला, "मामू, हे कॉम्प्युटर काढतो. यात कुणाचा वशिला चालत नाही."

वशिला चालत नाही, हे मान्य. पण मी तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली आहे. माणसाला गुण देण्याचा तक्ता कसा तयार होतो, ते मी आतून पाहिलं आहे. म्हणून या आकड्यांचं मूळ शोधायला बसलो, तर गोष्ट एका हिशेबनिसापाशीच जाऊन पोचली.

त्याचं नाव चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात तो हिशेब खात्याचा अधिकारी होता. १८ मार्च १९५० रोजी तो स्विंडनमध्ये स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्सचा सामना बघत होता. स्विंडनचे हल्ले एकामागून एक वाया जात होते. मध्यंतरानंतर रीप वैतागला, त्याने वही-पेन्सिल काढली आणि खुणा करायला सुरुवात केली. उत्तरार्धात त्याने स्विंडनचे १४७ हल्ले मोजले. सामन्यात गोल झाला एकच. पुढे आयुष्यभरात त्याने दोन हजारांहून जास्त सामने असे नोंदवले. १९५८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा हिशेब तर त्याने भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळीवर मांडला, असं सांगतात. कारकुनालाच कळेल ही हौस.

१९६८ साली रीपने बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. त्यात निघालं, की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. रीपने अर्थ काढला: जास्त पास म्हणजे वेळेचा अपव्यय, चेंडू लांब मारा आणि लवकर पुढे पोचवा. इंग्लंडमध्ये या विचाराचे अनुयायी पुढे कित्येक वर्षं होते. चूक साधी होती. रीपच्याच आकड्यांत ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांत संपत होत्या. दुकानात शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं पायी येतात आणि विक्रीतला ८० टक्के गल्ला त्यांच्याकडून येतो. मग गाडीतून आलेल्या उरलेल्या दहांनी वीस टक्के दिला ना! त्यांना दारातून हाकलायचं का? रीपची बेरीज बरोबर होती, पण भागाकार त्याने केलाच नाही.

तरी रीप संघ मोजत होता, माणूस नाही. एकेका खेळाडूचा हिशेब सोव्हिएत काळात कीवमध्ये मांडला गेला. डायनामो कीवचे प्रशिक्षक व्हालेरी लोबानोव्स्की आणि त्यांचे शास्त्रज्ञ सहकारी अनातोली झेलेंत्सोव्ह प्रत्येक खेळाडूने किती हालचाली केल्या, किती चुका केल्या, याचे तक्ते करत. १९७५ला त्यांच्या संघाने युरोपियन कप विनर्स कप जिंकला. इटलीत वर्तमानपत्रं शाळेतल्यासारखे दहापैकी गुण देत आली आहेत. तिथे ६ म्हणजे पास. हे गुण बातमीदार डोळ्यांनी देई, त्यात आवडनिवड यायचीच. १९९६ साली इंग्लंडमध्ये ऑप्टा सुरू झाली. तिने प्रत्येक पास, शॉट, टॅकल मोजून खेळाडूंची क्रमवारी लावायला सुरुवात केली. आज मोबाईलवर दिसणारे गुण त्याच वाटेने आले आहेत. हूस्कोअर्डच्या पद्धतीत प्रत्येक जण ६ गुणांनी सुरुवात करतो, मग प्रत्येक कृतीला बेरीज-वजाबाकी होते. इटलीच्या शाळेतला सहा तिथेही आहेच.

आता अडचण पाहा. बेरीज-वजाबाकी व्हायला काहीतरी घडावं लागतं. बॅकची जात अशी, की तो योग्य जागी उभा असला तर काही घडतच नाही. पास त्याच्या बाजूला येतच नाही. टॅकल करावं लागतं ते बऱ्याचदा जागा चुकलेल्याला.

याप स्टामचं उदाहरण यासाठीच वाचण्यासारखं आहे. हा डच बचावपटू १९९८ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि पहिल्या तीनही हंगामांत संघाने लीग जिंकली. ऑगस्ट २००१मध्ये फर्ग्युसन यांनी त्याला अचानक लाझिओला विकलं. त्याच महिन्यात स्टामचं आत्मचरित्र आलं होतं, म्हणून लोकांना वाटलं, साहेब पुस्तकावरून रागावले. फर्ग्युसन यांनी ते नाकारलं. टाचेच्या दुखापतीनंतर, वयाच्या २९व्या वर्षी, तो पहिल्यासारखा राहिला नाही असा त्यांचा समज झाला होता. तो पूर्वीपेक्षा कमी टॅकल करतो, हे आकडेही त्यामागे होते असं सांगितलं जातं. त्याच्या जागी आला ३५ वर्षांचा लोरां ब्लां. २०००-०१मध्ये युनायटेडवर ३१ गोल झाले होते, पुढच्या हंगामात ४५ झाले आणि प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदाच संघ तिसरा आला. सगळा दोष एका विक्रीवर टाकता येणार नाही. पण स्टाम पुढे मिलानकडून २००५चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला, आणि फर्ग्युसन यांनी ही विक्री चूक होती असं नंतर कबूल केलं.

हे वाचताना मला आमच्या रेकॉर्ड रूममधला एक शिपाई आठवला. त्याच्या ताब्यातली फाईल कधी हरवली नाही. दुसरा एक होता, तो फायली हरवायचा आणि धावपळ करून शोधूनही काढायचा. वर्षअखेरच्या गोपनीय अहवालात दुसऱ्याला 'तत्पर' लिहिलं गेलं, पहिल्याला 'साधारण'. बढती दुसऱ्याला मिळाली. साहेबांची फक्त सही होती. तक्ता मी भरला होता. पहिल्याच्या नावापुढे लिहावं असं मला काही सापडलं नाही.

तरी भाच्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एन्गोलो कांते हा मालीहून आलेल्या मायबापांचा पॅरिसजवळ वाढलेला मुलगा. उंचीने लहान, म्हणून डोळ्यांनी पारख करणाऱ्यांनी त्याला पुनःपुन्हा बाजूला केलं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीही तो खालच्या विभागातच खेळत होता. पुढे काँ या फ्रेंच क्लबमध्ये असताना त्याच्या नावावर चेंडू हिसकावण्याचे आकडे जमू लागले, ते लेस्टरने पाहिले आणि २०१५ला त्याला घेतलं. २०१६ला लेस्टर विजेता झाला. ज्याला कुणी गॉडफादर नाही त्याच्या बाजूने कधी कधी रजिस्टरच बोलतं.

आता कॅमेरे बावीसही खेळाडूंच्या जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपतात. शॉट कुठून मारला यावरून गोलची शक्यता काढतात, पेनल्टीला साधारण पाऊण. न घडलेल्या पासाची किंमतही काढायचे प्रयत्न चालू आहेत. पण मोबाईलवरचा गुण अजून बहुतेक चेंडूभोवतीच फिरतो.

गेल्या रविवारी भाच्याचा सामना ईदगाहच्या मैदानावर होता. तो बॅकला खेळतो. मी रीपसारखी वही घेऊन बांधावर बसलो. त्याच्या नावापुढे अकरा खुणा पडल्या. शेजारी मी आणखी एक रकाना आखला होता: समोरच्या विंगरने त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू मागे फिरवला, असं किती वेळा झालं. नऊ वेळा.

सामना संपल्यावर त्याने वही हिसकावून घेतली आणि उभ्याउभ्या सगळं मोजलं. ते नऊ मोजण्याच्या नादात त्याचे दोन टॅकल माझ्या नजरेतून सुटले, असं त्याचं म्हणणं आहे.