नाताळ आणि बडा दिन

गुढियारीच्या बाजारात मी दुकानदाराला विचारलं, "नाताळला दुकान बंद का?" तो नुसता बघत राहिला. मग उमजून म्हणाला, "अच्छा, बड़ा दिन!"

शाळेत 'नाताळची सुट्टी' म्हणताना हा शब्द कधी परका वाटला नव्हता. पण तो आहे पोर्तुगीज. 'नाताल' म्हणजे जन्माचा, जन्मदिवसाचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेला, त्याला त्याने हेच नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ते अजून आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी परत घेतली. ते किल्ला सोडून गेले, पण नाताळ राहिला. पाव आणि पाद्रीही राहिले. फौजी माणसाला हा हिशेब जरा चमत्कारिक वाटतो.

'नाताल'च्या मागे लॅटिन 'नातुस' आहे, म्हणजे जन्मलेला. त्याचं जुनं रूप 'ग्नातुस'. संस्कृत 'जात'ही त्याच मुळाचा. म्हणजे नवजात आणि नाताळ चुलतभाऊच!

दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, आपलं बरं, बडा दिन शुद्ध देशी, सकाळी लोक गिरजाघरात जातात. आता गिरजा म्हणजे पोर्तुगीज 'इग्रेजा'. गोव्यातली इगर्ज तीच. छत्तीसगडात पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. विश्रामपूरला १८६८ मध्ये मिशन उभारणारे ऑस्कर लोर तर जर्मन. तरी इथे गिरजाघरच म्हणतात.