फियाट, काका आणि ५० वॅट

परवा गाडीत स्पीकर बसवायला गेलो होतो. दुकानातल्या मुलाने विचारलं, "साहेब, आरएमएस वॅट सांगू की मॅक्स?" आणि मी थेट १९९२ सालच्या सोलापुरात जाऊन पोचलो.

काकांची फियाट तेव्हा भाड्याने फिरायची. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. काकांनी हौसेने टेप बसवला. टेपवर लिहिलेलं ५० वॅट, स्पीकरवर ४० वॅट. महिन्याभरात बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळाले. निदान झालं, "टेप जड झाला." मग काकांनी २५ वॅटचा टेप घेतला. कोजागिरीला गल्लीतली मंडळी तुळजापूरला चालत निघाली, मागून देवीची गाणी लावून फियाट. पहाटेपर्यंत नवे ट्वीटरही गप्प! काकांनी दादाला चारचौघांत थोबाडीत मारली. "आवाज तूच वाढवलास!"

आता जरा इतिहास.

गॅल्व्हिन बंधूंचा मोटोरोला हा गाडीतला रेडिओ १९३० मध्ये आला, फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये. पण गाडीत वीज किती? बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर १४.४. एवढ्यावर साधा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ६ वॅट देतो. दोन अ‍ॅम्प्लिफायर उलटसुलट जोडले (याला ब्रिज म्हणतात) तर २० च्या आसपास. त्याहून जास्त हवं तर व्होल्टेज वाढवणारा वेगळा डबा लागतो. म्हणजे टेपवरचे ५० वॅट हे निव्वळ स्टिकरवर होते!

ही थाप फक्त आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे फुगवलेले आकडे इतके बोकाळले, की १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला. गाडीतले अ‍ॅम्प्लिफायर त्यातून सुटले. त्यांच्यासाठी मोजणीचं मानक आलं ते २००३ मध्ये, तेही ऐच्छिक. मधली २९ वर्षं ज्याला जो आकडा सुचेल तो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून शेकड्यांनी वॅट छापलेले असायचे, आठवतंय ना? :)

मग ट्वीटर का जळाले? टेप जड होता म्हणून नव्हे, हलका होता म्हणून. उघड्या खिडक्या, रस्त्याचा गोंगाट, त्यात आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की सुरांच्या लाटांचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो. छाटून चौकोनी झालेली लाट दुपटीपर्यंत शक्ती ओतते, आणि त्यातला कर्कश भाग जातो थेट नाजूक ट्वीटरकडे. काकांनी टेप छोटा घेतला तेव्हा दुखणं वाढवलंच.

नियम साधा आहे. दोन्हीकडचे आरएमएस आकडे जुळवायचे, 'मॅक्स' विसरायचा, ओहम बघायचे आणि आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्यायचं. अ‍ॅम्प्लिफायर थोडा जास्त ताकदीचा असला तरी चालतो, हात आवरता आला तर.

आवाज दादानेच वाढवला होता, हे खरं. पण चालणाऱ्या शेवटच्या आजीपर्यंत गाणं पोचावं म्हणून. आजही त्याच्या गाडीत गाणी वाजत नाहीत.

काका, तुम्ही हे वाचता, मला ठाऊक आहे. चूक दादाची नव्हती, तुमचीही नव्हती. स्टिकरची होती. त्याला एक फोन करा ना.

असो.