पोपट निजतो कुठे? दांडी, पिंजरा आणि नळीचा इतिहास

१/ बारामती तालुक्यातील सांगवी हे नीरेकाठचे गाव. दिवेलागणीच्या सुमारास उसाच्या फडांवरून आणि ज्वारीच्या रानांवरून पोपटांचे थवे कलकलाट करीत उंच झाडांकडे परततात. निजण्याची जागा ते स्वतः निवडतात. माणसाच्या घरी आलेल्या पोपटाची जागा मात्र माणसाने निवडली. ती निवड कशी झाली, याचा माग आपल्या वाङ्मयात दोन हजार वर्षे मागे जातो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी पक्ष्याचा स्वभाव पाहू. पोपटाच्या पायाला चार बोटे असतात. दोन पुढे, दोन मागे. खडबडीत, जाड-बारीक फांदी धरण्यासाठी ही रचना उत्तम. पोपट ढोलीत राहतो असे आपण म्हणतो, पण ढोली ही मुख्यतः अंड्यांची आणि पिलांची जागा, जणू बाळंतिणीची खोली. एरवी तो रात्र काढतो उंच फांदीवर, थव्याच्या सोबतीने. उंची, सोबत आणि अंधार या त्याच्या निजेच्या तीन गरजा.

३/ पाळीव पक्ष्याच्या बैठकीसाठी संस्कृतात एक सुंदर शब्द आहे : वासयष्टी. वास म्हणजे वस्ती, यष्टी म्हणजे काठी. ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवरून, म्हणजे वा. वि. मिराशींच्या मते नागपूरजवळच्या रामटेकहून, अलकेतील आपल्या घराच्या खुणा मेघाला सांगतो. अशोक आणि बकुळ यांच्यामध्ये सोन्याची वासयष्टी आहे, तिच्यावर स्फटिकाची फळी आहे आणि दिवस मावळताना तिथे मोर येऊन बसतो.

४/ या वर्णनात पिंजरा नाही, साखळीही नाही. मोर दिवसभर हिंडतो आणि संध्याकाळी आपणहून येतो. ‘रघुवंशा’च्या सोळाव्या सर्गात ओस पडलेल्या अयोध्येचे चित्र आहे. त्यात काठ्या मोडल्यामुळे पाळीव मोर झाडांवर निजू लागले आणि पुन्हा रानमोर झाले, असे कालिदास सांगतो. नगरी उजाड झाल्याची खूण म्हणून त्याला पक्ष्याची मोडलेली काठी पुरेशी वाटली.

५/ पोपटाचे नशीब निराळे. त्याच ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात अज राजपुत्र इंदुमतीच्या स्वयंवरासाठी विदर्भात आला आहे. पहाटे भाट त्याला जागवतात आणि त्यांचेच शब्द त्याचा पोपट पुन्हा म्हणतो, पण पिंजऱ्यातून. मोराचे वैभव पिसाऱ्यात, आणि पिसाऱ्याला अंगण लागते. पोपटाचे वैभव जिभेत. ती ऐकायची तर तो कानाजवळ हवा आणि उडून जाता कामा नये. वाणीचे मोल त्याने पंखांनी चुकते केले.

६/ पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही चौसष्ट कलांपैकी एक कला. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील नागरक जेवणानंतरचा वेळ या उद्योगात घालवतो. पिंजरे कुठे टांगावेत, हेही तिथे आहे : शयनगृहाच्या बाहेर. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त वसंतसेनेच्या सातव्या चौकात खुंट्यांवर पिंजऱ्यांच्या रांगा टांगलेल्या आहेत आणि दहीभाताने पोट भरलेला पोपट ब्राह्मणाप्रमाणे सूक्त म्हणतो आहे. ‘मानसार’ या शिल्पग्रंथाने तर घरातील सामानसुमानाच्या यादीतच पोपटाच्या पिंजऱ्याला जागा दिली.

७/ शयनगृहाच्या बाहेरच का? याचे गमतीदार उत्तर ‘अमरुशतका’त सापडते. रात्री नवरा-बायकोमध्ये झालेले बोलणे घरातला पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर घडाघडा म्हणू लागतो. लाजेने चूर झालेली सून कानातले माणिक काढून त्याच्या चोचीपुढे धरते, जणू डाळिंबाचा दाणाच. बारामती-इंदापूरच्या डाळिंबांच्या मुलखात ही युक्ती समजावून सांगावी लागू नये!

८/ पुढे याच कानाचा उपयोग पहाऱ्यासाठी झाला. ‘शुकसप्तती’त नवरा परदेशी गेलेला असतो. प्रभावती रोज रात्री बाहेर पडू पाहते आणि पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला थांबवतो. अशा सत्तर रात्री. या ग्रंथाचे जुने मराठी भाषांतर जर्मन पंडित रिचर्ड श्मिट यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. पक्षिस्वभावाच्या अंगाने पाहिले, तर ही सत्तर रात्री झोप न मिळालेल्या पोपटाची कथा आहे. तसे कोणी म्हटले नाही, एवढेच.

९/ पोपटाची स्वतःची बाजू मांडली बाणभट्टाने, सातव्या शतकात. ‘कादंबरी’त चांडाळकन्या वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजासमोर आणते आणि तो आपले जन्मस्थान वर्णितो : पंपा सरोवराजवळचा जुनाट शाल्मली वृक्ष, म्हणजे सावर; त्याच्या ढोल्यांत आणि फांद्यांवर असंख्य पोपटांची वस्ती. मग एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि पिले ओढून, मारून खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडलेले हे पिलू वाळक्या पानांच्या ढिगावर पडले म्हणून वाचते. मराठीत दीर्घ कथेला आपण ज्या ग्रंथाचे नाव दिले, त्या ग्रंथाची गोष्ट बेघर झालेला एक पोपट सांगतो.

१०/ आता मराठीच्या अंगणात येऊ. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ‘ज्ञानेश्वरी’. सहाव्या अध्यायात, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, या विचाराशी ज्ञानदेव पारध्याच्या नळीचा दृष्टान्त देतात. पोपट नळीवर बसतो आणि त्याच्या भाराने नळी फिरते. त्याने उडून जावे, पण भीतीने तो तीच घट्ट धरतो. कोणी बांधलेले नसताना आपण बांधले गेलो, असे त्याला वाटते.

११/ वेदान्त्यांचा हा आवडता शुकनलिकान्याय. त्याचा रोख माणसाच्या भ्रमावर आहे, पण पक्ष्याच्या बाजूनेही तो वाचून पाहावा. पडण्याचे भय वाटताच फांदी आवळून धरणे हे त्याचे रानातले शहाणपण. पारध्याने नेमके तेच हेरले आणि बैठकीचाच सापळा केला. पिंजऱ्यातली गुळगुळीत दांडी ही त्या नळीचीच बहीण म्हणावी लागेल : धरायला आहे, जायला वाट नाही.

१२/ आज कायदा पोपटाच्या बाजूने आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपले देशी पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. ओटीवरचा ‘मिठू’ कितीही लाडका असला, तरी त्यातून सुटका नाही. जखमी पोपट सापडला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मदत येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, मांजरापासून दूर ठेवावे आणि बोलायला शिकवण्याचा मोह आवरावा.

१३/ बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून सर्रास विकले जाणारे बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते अनेक घरांत आहेत. त्यांच्यासाठी इतिहासाचा सार एवढाच. एकसारख्या गुळगुळीत दांडीने तळपायाला फोड येतात. म्हणून पेरू किंवा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या, जाड-बारीक फांद्या लावाव्यात. निजेची फांदी सर्वांत वर, एका बाजूला भिंतीचा आडोसा असलेली असावी. दाणापाण्याची भांडी तिच्या खाली नसावीत. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळावी. दूरदर्शनसंचासमोर ती मिळत नाही, आणि स्वयंपाकघराचा धूर तर पक्ष्याला घातकच.

१४/ कालिदासाच्या मोराला काठी मोडल्यावर झाड तरी होते. पिंजऱ्यातल्या पोपटाला तेही नव्हते. म्हणून त्याच्या निजेची जबाबदारी सर्वस्वी पाळणाऱ्यावर येते. सांगवीच्या वाटेवर संध्याकाळी थवा डोक्यावरून गेला, तर क्षणभर थांबून पाहा. आज रात्री कुठे निजायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवलेले असते.

(धागा समाप्त)